काकासाहेब मेंबरचं मत

काकासाहेब आणि जालना जिल्हा एकाच वर्षी जन्माला आले. औरंगाबादेतून जालना वेगळा निघाला तो एक्क्याऐंशीच्या एक मे रोजी, आणि काकासाहेब त्यानंतर सव्वा महिन्यानं. त्यामुळं त्याला कुणी वय विचारलं की तो जिल्ह्याचं सांगतो आणि जिल्ह्याचं विचारलं की स्वतःचं. काकासाहेब हे त्याचं पाळण्यातलं नाव. नावातच साहेब असल्यामुळं साहेब होण्यासाठी पुढं काही करावं लागतं, हे त्याला बरंच उशिरा समजलं.

सध्या आपल्या जिल्हा परिषदेत सदस्य म्हणावा असा एकही माणूस नाही. मुदत संपून वर्षं झाली, निवडणूक लागत नाही, कारभार प्रशासकाकडं आहे. जिल्ह्यात आता पुढाऱ्यांच्या दोनच जाती उरल्यात, माजी आणि भावी. हसनाबादच्या अलीकडच्या वाडीतला काकासाहेब माजीत मोडतो. चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीत, सगळीकडं त्याला मेंबर म्हणतात. पण खरं सांगायचं तर तो कधी सदस्य नव्हताच. सदस्य होती त्याची बायको, दैवशाला. ही गोष्ट साऱ्या जिल्ह्याला माहीत होती आणि सारा जिल्हा ती बराबर विसरून गेला होता. त्या विसरण्याची काय किंमत पडली, तेच सांगायचं आहे.

वयाच्या एकविसाव्या वर्षी काकासाहेबनं राधेश्यामभाऊंच्या सभेत पहिली सतरंजी अंथरली. राधेश्यामभाऊ म्हणजे जिल्ह्याच्या राजकारणातल्या एका गटाचे मालक. पक्ष त्यांनी चार बदलले, गट मात्र तोच ठेवला. काकासाहेबनं त्यांच्यासाठी पंधरा वर्षं सतरंज्या अंथरल्या, गोळा केल्या, झटकल्या. त्याची इच्छा एकच होती. जिल्हा परिषदेच्या सभागृहात माईक लावलेल्या टेबलामागं एक खुर्ची आपली असावी आणि तिच्यावर बसून एकदा तरी म्हणावं, 'अध्यक्ष महोदय, माझ्या गटातल्या रस्त्याचं काय झालं?' रस्त्याचं काय झालं हे त्याला ठाऊक होतं. पण विचारायचं होतं.

नशिबानं त्याची थट्टाच मांडली होती. पहिल्या खेपेला तो उभा राहणार, तर त्याचा मतदारसंघ, म्हणजे ज्याला सरकारी भाषेत गट म्हणतात तो, सोडतीत राखीव निघाला. दुसऱ्या खेपेला गटांची नवी रचना झाली आणि वाडी उचलून शेजारच्या गटात टाकली गेली. पाच वर्षं ज्यांच्या बारशा-मयतीला हा हजर राहिला ती सगळी माणसं एका गटात आणि हा दुसऱ्यात. तिसऱ्या खेपेला सगळं जुळून आलं. वाडी परत जागेवर आली, भाऊंनी शब्द दिला, आणि सोडतीत चिठ्ठी निघाली, सर्वसाधारण महिला.

काकासाहेब दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं दैवशालाचा फोटो काढून आणला. बॅनरवर तिचा फोटो तळहाताएवढा होता आणि याचा कमरेपासून वर. प्रचारात तो बिनदिक्कत म्हणायचा, "मला निवडून द्या," आणि लोकांनाही त्यात काही खटकलं नाही. दैवशाला निवडून आली त्या दिवशी हार याच्या गळ्यात पडले. ती त्या वेळी म्हशीला पेंड भिजवत होती, कारण म्हशीला आचारसंहिता लागू नव्हती.

पुढं तीन वर्षं कारभार सुरळीत चालला. सभा असली की दोघं जोडीनं जालन्याला जात. दैवशाला आत जाऊन रजिस्टरवर सही करी आणि मागच्या रांगेत पदर सावरून बसे. काकासाहेब इतर सदस्यांच्या नवऱ्यांबरोबर व्हरांड्यात. नवऱ्यांना आत मज्जाव होता. दाराच्या फटीतून त्याला दैवशालाच्या खुर्चीचा एक हात तेवढा दिसायचा. तो तिला बजावून ठेवायचा की रस्त्याचं विचार. ती म्हणायची, "विचारते." पण तिचा नंबर येईतो सभा संपलेली असे.

मग अध्यक्षपदाची अडीच वर्षं आणि वर मिळालेली मुदतवाढ संपली आणि नवा अध्यक्ष निवडायची वेळ आली. आपल्या परिषदेत कुणा एकाच्या हाती निर्विवाद सत्ता आल्याचं क्वचितच घडतं. सदस्य असे निवडून येतात, की कुणाचंच पुरत नाही आणि कुणाचंच मोडत नाही. या खेपेला तर दोन्ही बाजू अगदी काठावर होत्या. राधेश्यामभाऊंच्या उमाताई आणि पलीकडच्यांच्या भावनाताई, दोघींत फरक एका हाताचा. हाताचाच, कारण अध्यक्षाची निवड हात वर करून होते. आणि ज्याच्याकडं तो एक जादा हात होता, त्या भाऊंनी रिवाजाप्रमाणं सहल काढली.

सहल म्हणजे काय ते जिल्ह्यात पोरासोरांनाही माहीत आहे. निवडीआधी आठ दिवस आपले सदस्य गाडीत घालायचे आणि लांब कुठंतरी नेऊन ठेवायचे, म्हणजे पलीकडचे त्यांना पळवत नाहीत. निवडीच्या सकाळी गाडी थेट परिषदेच्या दारात आणून रिकामी करायची. या कामाचा मुकादम होता पप्पू. वय चाळीस, गळ्यात जाड गोफ, हातात यादी. त्यानं असे तीन अध्यक्ष घडवले होते आणि वाटेत आजवर एकही सदस्य सांडला नव्हता.

पप्पूची जीप पहाटे वाडीत आली. जीपमध्ये एकाचीच जागा उरली होती. दैवशालानं दारातून विचारलं, मीही येऊ का? काकासाहेब म्हणाला, म्हशीची धार कोण काढील, आणि काही लागलं तर मी आहेच की. पप्पूनं यादी काढली. यादीत नाव त्यानं आपल्या फोनवरून उतरवलं होतं, आणि फोनवर होतं 'काकासाहेब मेंबर.' त्यानं त्यावर खूण केली आणि जीप जालन्यात थांबलेल्या बसकडं निघाली. मत धार काढायला घरी राहिलं आणि नवरा सहलीला गेला.

पप्पूला त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. बाकीच्या बायका सदस्य नवऱ्यांसकट बसमध्ये आल्याच होत्या. काकासाहेब एकटा आला, तर तो पुरुष सदस्य असणार, इतका साधा हिशेब. काकासाहेबला स्वतःलाही तसंच वाटत होतं, हे विशेष.

बसमध्ये सगळ्यांचे फोन बंद न करताच एका कापडी पिशवीत गोळा झाले, म्हणजे कुणाला पलीकडून आमिष येतंय हे पप्पूला वाजण्यावरून कळावं. रोज रात्री तो ते स्वतः चार्जही करायचा. जेजुरीला गाडी थांबली. गडावर प्रत्येकानं बेल आणि भंडारा हातात उचलून शपथ घ्यायची होती की माझं मत उमाताईंनाच. काहीजण तोंडातल्या तोंडात पुटपुटले. काकासाहेबनं मात्र गड दणाणेल अशा आवाजात शपथ घेतली. भाऊंचे डोळे पाणावले. त्यांनी त्याच्या पाठीवर पिवळा हात मारला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला की बांधकाम समितीचा सभापती काकासाहेबच. काकासाहेबला वाटलं, जन्माचं सार्थक झालं. सभापतीला तर आत खुर्चीही मिळते आणि बाहेर सरकारी गाडीची चाकंही.

महाबळेश्वरला सात दिवस मजेत गेले. त्याला पहिल्यांदाच स्वतंत्र खोली मिळाली, दारावर 'सदस्य' अशी चिठ्ठी डकवलेली. त्यानं ती चिठ्ठी निघताना सोबत न्यायचं ठरवलं होतं. रोज संध्याकाळी हात वर करण्याची तालीम व्हायची. पप्पू नाव पुकारायचा आणि सगळे हात वर करायचे. काकासाहेबचा हात सर्वांत आधी वर आणि सर्वांत शेवटी खाली. भाऊ इतरांना म्हणायचे, हात असा पाहिजे.

निवडीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे पोहे खात बसले होते. सत्यशीलाबाई नावाच्या अंबडकडच्या एक वयस्कर सदस्य होत्या. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर त्यांचा मुलगा नोकरीला होता आणि बोलताना त्या भीड ठेवत नसत. त्यांनी सहज विचारलं, "मेंबर, तुमच्या दैवशालाबाई कुठंयत? आठ दिवस झाले, जेवायला सुदिक दिसल्या न्हाईत."

काकासाहेब म्हणाला, "त्या घरी हायेत."

"मंग मत कोण देणार?"

काकासाहेबनं सवयीनं हात वर केला. तो हात तसाच वर राहिला आणि टेबलाभोवतीच्या एकेका माणसाचा चमचा खाली आला. पप्पूनं यादी काढली. यादी उलटी केली. भाऊ पोह्यांकडं बघत म्हणाले, "पप्पू, आपण कुणाला घेऊन आलो?"

पप्पूला दरदरून घाम फुटला, महाबळेश्वरात, जानेवारीत. पण तो कसलेला माणूस. म्हणाला, घाबरायचं काम नाही, बाईंना आत्ता फोन लावतो आणि रात्रीतून उचलतो. परिषदेच्या डायरीत सगळ्या सदस्यांचे नंबर असतात. त्यानं डायरीत दैवशालाबाईंचं पान काढलं, नंबर फिरवला, पडद्याकडं न बघता फोन कानाला लावला आणि बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं. "लागला. रिंग जाऊन राह्यली."

टेबलावरच्या कापडी पिशवीत खंडोबाची आरती वाजू लागली.

पप्पू म्हणाला, कुणाचा आहे तो बंद करा, बाई उचलत नाहीत. सत्यशीलाबाईंनी पिशवीत हात घालून वाजता फोन काढला आणि काकासाहेबसमोर ठेवला. त्यावर पप्पूचं नाव दिसत होतं. पप्पूनं तरीही आणखी दोनदा लावून पाहिला. दोन्ही वेळा काकासाहेबच वाजला. दैवशालाकडं फोन नव्हताच. सदस्याचा नंबर म्हणून त्यानं स्वतःचाच दिला होता, कारण नाहीतर महत्त्वाचे फोन तिला आले असते.

मग कुणीतरी म्हणालं, गावात दुसऱ्या कुणाला तरी लावा. पण वाडीचा सरपंच पलीकडच्या गटाचा. दुकानदार सरपंचाचा मेहुणा. शेजारणीला फोन लावला तर दहा मिनिटांत गावाला कळणार, आणि गावाला कळलं की पलीकडच्यांना. आत्ता पलीकडचे बिचारे समजून होते की हे मत महाबळेश्वरात कडेकोट बंदोबस्तात आहे. ते वाडीत गोठ्यात मोकळं बसलंय हे त्यांना समजलं, तर जाऊन हात धरून आणायचाच काय तो उशीर. भाऊंनी बराच विचार केला आणि निर्णय दिला की कुणीही कुणालाही काही सांगायचं नाही. बाईंनासुद्धा नाही. ज्याचं मत त्यालाच त्याचा पत्ता नाही, यासारखा बंदोबस्त नाही.

पप्पूनं काकासाहेबला बसबरोबर आणलेल्या जीपमध्ये घातलं आणि दोघं तडक निघाले. बाकीच्यांची बस मागून येणार होती.  नगर सोडल्यावर पप्पू म्हणाला, "तीन अध्यक्ष केले म्या. तुमच्यासारखा मेंबर न्हाई पाहिला." काकासाहेबनं मान खाली घातली. पुढं जीपचा पट्टा तुटला आणि मेकॅनिकनं त्यांना सकाळपर्यंत बसवून ठेवलं. बाकड्यावर बसून काकासाहेब हिशेब करत राहिला. दैवशालाला काय सांगायचं? तिला हेही ठाऊक नव्हतं की आपण राधेश्यामभाऊंच्या बाजूचे आहोत. म्हणजे, ठाऊक असावं. त्यानं कधी सांगितलं होतं का, ते त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते वाडीत पोचले. घराला कुलूप. म्हैस शेजारच्या वंदनाच्या अंगणात बांधलेली. वंदनानं सांगितलं की वहिनी सकाळच्या गाडीनं जालन्याला गेल्या. पाच दिवसांमागं परिषदेचा शिपाई नोटीस घेऊन आल्ता. तो एरवी मेंबरच्याच हातात कागद देऊन जायचा, पण मेंबर घरी न्हाई म्हणून त्यानं वहिनींची सही घेतली. नोटिशीत लिहिलं होतं की आपण स्वतः हजर राहावे. वहिनींनी ती दोनदा वाचली. "म्हणल्या, मलाच बोलावलंय दिसतंय."

जीप पुन्हा जालन्याकडं धावली. परिषदेच्या फाटकात दोन्ही बाजूंचे हलगीवाले आधीच उभे होते, कारण हलगी दोन्हीकडची असली तरी वाजणार एकच होती. पलीकडच्यांची चार दांडगी माणसं काकासाहेबला हुडकत उभी होती. मेंबर दिसला की बाजूला घ्यायचा, असा त्यांना हुकूम होता. दैवशाला तासाभरापूर्वी त्यांच्यामधून वाट मागत, 'जरा सरका, भाऊ' म्हणत आत गेली होती. त्यांनी सरकून वाट दिली होती.

ते चौघं रिकाम्या बसकडं बघत होते तेवढ्यात काकासाहेब त्यांच्या पाठीमागून निसटला आणि धापा टाकत सभागृहाच्या दाराशी पोचला. दार लागायला लागलं होतं. शिपायानं त्याला अडवलं, नवऱ्यांनी बाहेर. काकासाहेब म्हणाला, "अरे, मी काकासाहेब मेंबर." शिपाई शांतपणे म्हणाला, "मेंबर आत हायेत." आणि दार लागलं.

फटीतून त्याला खुर्चीचा तोच एक हात दिसला. मग त्या खुर्चीच्या हातावरून एक हिरव्या बांगड्यांचा हात उचलला गेला आणि दिसेनासा झाला. वर गेला एवढं नक्की. कुणाच्या नावावर गेला, ते बाहेरच्या गलबल्यात ऐकू आलं नाही.

दार उघडलं ते आरोळ्यांनीच. भावनाताई एका हातानं निवडून आल्या होत्या. व्हरांड्यात गुलालाचा धूर झाला. पलीकडच्या गटाच्या लोकांना एवढं समजलं होतं की फुटलेलं मत काकासाहेब मेंबरचं आहे, आणि काकासाहेब मेंबर त्यांच्या समोरच उभा होता. मघाशी त्याला धरायला उभ्या असलेल्या त्याच चौघांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. हार पडले. कुणीतरी त्याच्या डोक्यावर अख्खी पिशवी रिकामी केली. तो वरून ओरडत होता की मी नाही, मी काही केलं नाही. खालून लोक म्हणत होते, बघा, किती साधा माणूस.

तेवढ्यात बसमधले सगळे सदस्य सभागृहातून बाहेर आले. राधेश्यामभाऊंनी वर पाहिलं. पंधरा वर्षं ज्यानं त्यांच्या सतरंज्या अंथरल्या तो माणूस दुसऱ्यांच्या खांद्यावर गुलालात न्हाऊन निघाला होता. ते एवढंच म्हणाले, "भंडारा उचलला होता रे तू." आणि गाडीत बसून गेले.  खुर्ची गेली, समिती गेली, भाऊ गेले. आयुष्यभर ज्या मिरवणुकीची स्वप्नं पाहिली ती निघाली होती आणि तिच्यातून उतरायची त्याला वाट सापडत नव्हती.

खांद्यावरून त्याला दैवशाला दिसली. ती पायऱ्या उतरली, गुलालाला नाकाला पदर लावून कडेकडेनं फाटकाबाहेर पडली आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. मिरवणूक उलट्या बाजूला, शहरातल्या मस्तगडाकडं वळली.

त्यांनी त्याला खाली ठेवला तो पाऊण तासानं. तो पळतच स्टँडवर आला. हसनाबादची गाडी लागलेली होती, खच्चून भरलेली. दैवशाला मधोमध दांडीला धरून उभी होती. गुलालानं माखलेला माणूस आत शिरताच एका म्हाताऱ्यानं लगबगीनं उठून जागा दिली. "बसा मेंबर, बसा." काकासाहेब बसला. जागा मिळाली की बसायचं, ही सवय.

गाडी गावाबाहेर पडल्यावर त्यानं हळूच विचारलं, भावनाताईंना का दिलं? आपण भाऊंचे आहोत हे तुला माहीत नव्हतं का?

"कुणी सांगितलंच न्हाई," दैवशाला म्हणाली. "बसमधून ती मंडळी आली, तवा तुम्हाला हुडकून राह्यलते. म्हणलं, हे आपलेच असतील. उमाताई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, मत मागतीन. मी देणारच होते."

"मंग?"

"त्यांनी मला इचारलं, बाई, मेंबर कुठंयत?" ती खिडकीबाहेर बघत होती. "मी सभागृहात, माझ्या खुर्चीवर बसलेले. तीन वर्षं झाली. म्हणलं, असतील कुठं तरी."

 काकासाहेबला दैवशालाचा राग यायला हवा होता. तो आला नाही. लाज आली, आणि ती गुलालासारखी नुसती झटकून जाईना. दहा-पंधरा मिनिटांनी तो उठून उभा राहिला.

"बसा," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि त्यानं तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. म्हाताऱ्याला वाटलं की त्यालाच म्हणतोय. तो परत बसायला निघाला. काकासाहेबनं त्याला हातानं थोपवलं आणि म्हणाला, "मामा, तुम्ही जागा मेंबरला दिलती ना? ह्या मेंबर हायेत."

म्हातारा हसला. अख्खी गाडी हसली. निवडून आलेली माणसं अशी थट्टा करतात, सगळ्यांना माहीत असतं. दैवशाला मात्र बसली. वाडी येईपर्यंत काकासाहेब उभा होता, आणि प्रत्येक धक्क्याला त्याच्या अंगावरचा गुलाल तिच्या लुगड्यावर पडत होता.